पासार लामा, तांगेरांग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जकार्ता आणि आसपासच्या भागात कामानिमित्त आलेले मराठी लोक, त्यांना भेटायला येणारे आईवडील, आणि विमानतळावर आठ-दहा तास मोकळे मिळालेले प्रवासी, सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगतो: पासार लामाला फक्त खाऊगल्ली म्हणून जाऊ नका. ती वस्ती साडेतीनशे वर्षं एका सीमेवर उभी आहे, आणि तिथली माणसं हीच तिथली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट आहे.

पासार लामा नेमकं कुठे आहे?

जकार्ताच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर, बांतेन प्रांतातल्या तांगेरांग शहरात. चिसादाने नदीच्या पूर्व काठाला लागून असलेली ही जुनी वस्ती. मुख्य रस्ता जालान किसामाउन (‘जालान’ म्हणजे रस्ता). त्याच्या आणि नदीच्या मधल्या गल्ल्या म्हणजे जालान चिलामे, जालान बाक्ती, काली पासिर. सगळं पायी फिरता येतं.

नावांचा गोंधळ मात्र होतो. ‘पासार लामा’ म्हणजे जुना बाजार. याच शहरात पासार बारू नावाचाही भाग आहे, स्टेशनजवळ पासार आन्यार आहे, आणि कापडासाठी प्रसिद्ध असलेला, भारतीय व्यापाऱ्यांची जुनी दुकानं असलेला पासार बारू आहे तो थेट जकार्तात. शिवाय तांगेरांग नावाची प्रशासनं तीन: कोटा तांगेरांग म्हणजे शहर, काबुपातेन तांगेरांग म्हणजे जिल्हा, आणि २००८ साली वेगळं झालेलं तांगेरांग सलातान, म्हणजे दक्षिण तांगेरांग. आपली बरीच मंडळी राहतात ते बीएसडी, गाडिंग सर्पोंग, लिपो कारावाची हे भाग बहुतांशी शहराच्या हद्दीबाहेर आहेत. अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावताना ‘पासार लामा, कोटा तांगेरांग’ असं पूर्ण लिहा.

तांगेरांग म्हणजे जकार्ताचं ठाणं समजायचं का?

सुरुवातीला समजायला हरकत नाही. लोकलने महानगराला जोडलेलं, पाण्याच्या काठावरचं, एके काळी किल्ला असलेलं आणि महानगराच्या सावलीत वाढलेलं गाव. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १९ लाख होती. पण एक फरक मोठा आहे. तांगेरांगला स्वतःचे कारखाने आहेत: बूट, कापड, टायर. १९७० नंतर सगळ्या जावामधून लोक इथे कामाला आले. त्यामुळे रोज सकाळी सगळं शहर जकार्ताकडे धावतं असं होत नाही. हजारो लोक इथेच शिफ्टला जातात.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ज्याला आपण ‘जकार्ता विमानतळ’ म्हणतो तो सोएकार्नो-हात्ता विमानतळ तांगेरांग शहराच्या हद्दीत, बेंदा भागात आहे. तुमच्या तिकिटावरची तीन अक्षरं शेजारच्या चेंकारेंगवरून आली आहेत. म्हणजे इंडोनेशियात तुमचं पहिलं पाऊल पडतं ते तांगेरांगमध्येच.

जायचं कसं?

लोकलने, शक्यतो. जकार्तातल्या दुरी स्टेशनहून तांगेरांगची लोकल सुटते. ग्रोगोल, रावा बुआया, कालिदेरेस, बातू चेपर करत शेवटचं स्टेशन तांगेरांग. उतरून दहा मिनिटं चाललात की बाजार. भाडं पहिल्या २५ किलोमीटरना ३,००० रुपिया. ही मार्गिका त्या हद्दीत बसते. स्टेशनवर रोखीने कागदी तिकीट मिळत नाही, कार्ड लागतं. बँकांची ई-मनी कार्डं चालतात. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टॅप करायचं.

विमानतळावरून येणाऱ्यांनी जकार्तात जाऊन परत फिरण्याची गरज नाही. विमानतळाची रेल्वे बातू चेपरला थांबते. तिथे उतरून लोकल धरली की तानाह तिंगी आणि मग तांगेरांग, म्हणजे दोनच स्टेशनं. विमानतळ रेल्वेचं तिकीट वेगळं असतं आणि महाग असतं. सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सी करा. शनिवार-रविवारी संध्याकाळी गाडीने येऊ नका. किसामाउनवर गाडी लावायला जागा मिळत नाही.

किती वाजता जावं?

सकाळी सहाला. जमलं तर त्याआधी.

बहुतेक लोक संध्याकाळी जातात, कारण इंटरनेटवर दिव्यांच्या माळा आणि धूर निघणाऱ्या हातगाड्यांचे फोटो असतात. संध्याकाळ वाईट नाही. पण ती खाऊगल्ली अलीकडची आहे आणि तिथे मिळणारे निम्मे पदार्थ कुठल्याही शहरातल्या मॉलबाहेर मिळतात. खरा पासार लामा गल्ल्यांमधल्या सकाळच्या भाजी-मासळीच्या बाजारात आहे. देवळाकडे जाणारी गल्ली इतकी अरुंद असते की दोन्ही बाजूंच्या ताडपत्र्या डोक्यावर एकमेकींना टेकतात. खाली पाणी, माशांचे खवले, केळीची पानं. एका पाटावर डुकराचं मांस कापणारा माणूस, पुढच्या पाटावर हिजाब घातलेल्या बाई टोफू आणि मोड आलेले मूग विकताहेत, मधून उदबत्त्यांचा पुडा हातात घेऊन एक आजी देवळाकडे निघाल्यात. कोणी कोणाकडे बघत नाही, कारण यात बघण्यासारखं काही आहे असं तिथल्या कोणालाच वाटत नाही. साधारण नऊ-दहापर्यंत बाजार विरळ होतो. मग देऊळ, मशीद, संग्रहालय पाहा आणि जेवून परत फिरा.

इथे एवढे चिनी लोक कसे आले?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सतराव्या शतकात चिसादाने ही सरहद्द होती. पश्चिमेला बांतेनची सल्तनत, पूर्वेला बताव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, हातपाय पसरणारी डच ईस्ट इंडिया कंपनी. बांतेनमध्ये बापलेकाचं युद्ध पेटलं: सुलतान अगेंग तिर्तायासा विरुद्ध त्याचा मुलगा सुलतान हाजी. मुलाने डचांची मदत घेतली आणि त्याची किंमत मोजली. १६८४च्या करारानंतर तांगेरांगचा भाग कंपनीकडे गेला. नदीकाठी कंपनीचा किल्ला होता. किल्ल्याला मलयमध्ये ‘बेंतेंग’ म्हणतात. किल्ला केव्हाच गेला, पण गावाला लोक बेंतेंग म्हणत राहिले आणि इथल्या चिनी वंशाच्या लोकांना ‘चिना बेंतेंग’.

चिनी लोक मात्र किल्ल्याच्याही आधीपासून असावेत. स्थानिक परंपरा सांगते की १४०७ साली चेन चि लुंग याचं जहाज नदीच्या मुखाशी, तलुक नागा इथे लागलं आणि बरोबरच्या लोकांनी इथल्या बायकांशी लग्नं केली. ही आख्यायिका आहे आणि मी ती तशीच सांगतो. त्यानंतरची घटना मात्र कागदोपत्री आहे आणि भयंकर आहे. ऑक्टोबर १७४० मध्ये बताव्हियात चिनी रहिवाशांची कत्तल झाली. काही दिवसांत हजारो माणसं मारली गेली. आकडा दहा हजारांच्या आसपास सांगतात. त्यानंतर अनेक चिनी लोक शहराबाहेर, तांगेरांगच्या बाजूला वसले. इथे ते शेतकरी झाले, ऊस आणि भात पिकवू लागले, डुकरं पाळू लागले, नदीवर होड्या चालवू लागले.

चिना बेंतेंग लोक जकार्तातल्या इतर चिनी लोकांपेक्षा वेगळे आहेत का?

हो, आणि हे समजून घेतल्याशिवाय पासार लामाला जाऊ नये असं मला वाटतं.

इंडोनेशियात ‘चिनी म्हणजे श्रीमंत व्यापारी’ हा समज खोलवर रुजलेला आहे. आपल्या लोकांच्या बोलण्यातही तो सहज येतो. चिना बेंतेंग लोकांकडे बघितलं की तो टिकत नाही. यांच्यातले पुष्कळजण पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर, कोळी, हमाल, हातगाडीवाले, कारखान्यातले कामगार आहेत. शतकानुशतकं बेतावी (जकार्ताचे जुने रहिवासी) आणि सुंदानीज (पश्चिम जावाचे) कुटुंबांशी सोयरिकी झाल्यामुळे रंग सावळा. घरात चिनी भाषा जवळजवळ नाही. बोलतात ती बेतावी वळणाची मलय. पण चिनी नातेवाचक शब्द टिकून आहेत: आजोबांना एंकोंग, वयस्कर बाईला एंचिम, थोरल्या बहिणीला चिचि, थोरल्या भावाला कोको. आणि विधी तर असे टिकले आहेत की अनेक ठिकाणी आता ते सापडायचे नाहीत. लग्नाच्या आधी नवरानवरीचे केस विंचरण्याचा चिओ ताओ हा विधी अजून होतो. नवरी जुन्या चिनी राजवेशात असते आणि मांडवात गांबांग क्रोमोंग वाजत असतं.

या गांबांग क्रोमोंगबद्दल दोन शब्द. गांबांग म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, क्रोमोंग म्हणजे ओळीने मांडलेल्या लहान घंटा. ही दोन्ही जावाची. त्यांच्या जोडीला तेह्यान, कोंगाह्यान, सुकोंग ही दोन तारांची चिनी वाद्यं. ती गजाने वाजवतात. त्यांचा आवाज थोडा नाकातून गायल्यासारखा असतो. एकाच मांडवात मुसलमान वादक आणि चिनी वादक शेजारी बसलेले असतात. मिश्र संस्कृतीवर भाषणं पुष्कळ होतात. इथे ती ऐकू येते.

पण सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. जून १९४६ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, तांगेरांगच्या परिसरात चिनी वस्त्यांवर हल्ले झाले, शेकडो माणसं गेली, हजारो जकार्ताकडे पळाली. १९६७ साली सुहार्तो सरकारच्या १४ क्रमांकाच्या फर्मानाने चिनी सण-विधी सार्वजनिक जागी करायला बंदी आली. ती २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुररहमान वाहिद यांनी उठवली, आणि २००३ पासून चिनी नववर्ष राष्ट्रीय सुट्टी झाली. गरीब चिना बेंतेंगांची अडचण आणखी वेगळी होती. नागरिकत्वाचा दाखला काढायला पैसे आणि खेटे लागायचे, ते त्यांना परवडायचं नाही. मग ज्या मातीत बारा पिढ्या गेल्या तिथेच ते कागदावर परके. २००६च्या नागरिकत्व कायद्याने वाट बरीच सुकर झाली. आणि २०१० साली नदीकाठच्या नगलासारी भागात त्यांची घरं पाडायला महापालिकेची माणसं आली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले होते. हे लोक काचेच्या कपाटातला वारसा नाहीत. घरभाडं, दाखले, शाळेची फी या त्यांच्या रोजच्या चिंता आहेत.

बून तेक बियो देऊळ किती जुनं आहे? आत जाता येतं का?

परंपरेने स्थापना १६८४ची मानतात, म्हणजे करार झाला तेच वर्ष. शहरातलं सर्वांत जुनं चिनी देऊळ हेच. मुख्य देवता क्वान इम, करुणेची देवी. आत सर्वांना प्रवेश आहे, पैसे लागत नाहीत. बाहेरच्या पाटीवर ‘विहारा पादुमुत्तारा’ असंही नाव दिसेल. सुहार्तोच्या काळात चिनी देवळांना टिकून राहण्यासाठी बौद्ध विहार म्हणून नोंदणी करावी लागली, हे त्या काळाचं नाव. बंदी उठली तरी दोन्ही नावं राहिली.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी गर्दी असते. त्या दिवशी गेलात तर पूजा चालू असलेली दिसेल, मात्र मध्ये उभं राहून रस्ता अडवू नका. उंच लाल मेणबत्त्या असतात, काही माणसाएवढ्या, आणि धूर इतका की लहान मुलांचे डोळे चुरचुरतात.

दर बारा वर्षांनी, चिनी पंचांगातल्या ड्रॅगनच्या वर्षी, देवांच्या पालख्या निघतात. त्यामागची गोष्ट अशी: १८४४ साली देवळाच्या दुरुस्तीसाठी मूर्ती बून सान बियो या दुसऱ्या देवळात हलवल्या होत्या. काम झाल्यावर त्या मिरवणुकीने परत आणल्या, आणि त्याची आठवण म्हणून हा सोहळा. अलीकडचा २०२४ मध्ये झाला. म्हणजे पुढचा २०३६ मध्ये. पालखी खांद्यावर घ्यायला वस्तीतले मुसलमान शेजारीही पुढे येतात.

मशिदीबद्दल कोणीच कसं सांगत नाही?

सांगायला हवं. देवळापासून पाच मिनिटांच्याही आत काली पासिरची जामी मशीद आहे. शहरातली सर्वांत जुनी, परंपरेने १७००ची. बाहेरून लहानशी वाटते. मिनाराचा माथा बघा, पॅगोडाची आठवण होते. आत जुने लाकडी खांब आहेत. नमाजाची वेळ टाळून जा, पाय झाकलेले असू द्या, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, आणि तिथल्या माणसाला ‘परमिसी, पाक’ (माफ करा, साहेब) म्हणून विचारून मगच आत पाऊल टाका. शुक्रवारी दुपारी जाऊ नका.

संग्रहालय पाहण्यासारखं आहे का?

आहे, नक्की आहे. बेंतेंग हेरिटेज संग्रहालय जालान चिलामेवर, ऐन बाजारात आहे. जुनं दुमजली पेरानाकान, म्हणजे मिश्र चिनी-स्थानिक कुळातल्या लोकांचं घर, पडायला आलेलं. उदया हलीम या तांगेरांगच्याच गृहस्थांनी ते विकत घेऊन, दुरुस्त करून ११ नोव्हेंबर २०११ रोजी उघडलं. वरच्या मजल्यावर तुळयांच्या वरच्या बाजूला क्वान कोंग या वीराच्या कथेचे उठावाचे पट्टे आहेत. ते मूळ घरातले आहेत आणि मला त्या घरातली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच वाटते. त्याखेरीज जुने तराजू, अफू तोलण्याचे लहान काटे, भरतकाम केलेले कबाया (बायकांचे पारंपरिक झगे), पायघोळ लग्नवेश, ग्रामोफोन.

सोमवारी बंद. तिकीट आहे. सोबत माहिती सांगणारा माणूस असतो, तुमच्या मनाने फिरता येत नाही आणि वरच्या मजल्यावर फोटो काढू देत नाहीत. इंडोनेशियन येत नसेल तर इंग्रजीत सांगायची विनंती आधीच करा.

खायला काय?

तांगेरांगचा लाक्सा सर्वांत आधी. तांदळाच्या पिठाचे जाडसर पांढरे शेव, त्यावर हळदीचा, नारळाच्या दुधाचा पातळ पिवळा रस्सा, त्यात शिजलेले हिरवे मूग आणि बटाटा, वरून चिरलेली कुचाईची (लसणासारख्या वासाची) पात आणि भाजलेली किंवा उकडलेली कोंबडी. मूग घालणं ही तांगेरांगची खूण. बोगोरचा लाक्सा वेगळा लागतो. लाक्साच्या टपऱ्या एका ओळीत जालान मोहम्मद यामिनवर, तुरुंगासमोर आहेत. पासार लामापासून रिक्षा-टॅक्सीने काही मिनिटं.

पासार लामात सकाळी बुबुर आयाम, म्हणजे कोंबडी घातलेली तांदळाची पेज, आणि आसिनान, म्हणजे मिठा-व्हिनेगरच्या पाण्यात मुरलेल्या भाज्या, वर शेंगदाणे आणि तिखट. संध्याकाळी साते, म्हणजे काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे, आणि केळीच्या पानात भाजलेले माशाचे ओताक-ओताक. चिनी नववर्षाच्या आधी क्वे करांजांग हा चिकट तांदळाचा गोड गोळा सगळीकडे दिसतो.

डुकराचं मांस बऱ्याच ठिकाणी मिळतं. पाटीवर ‘बाबी’ किंवा ‘नॉन-हलाल’ असं लिहिलेलं असतं. जे खात नाहीत त्यांनी हे दोन शब्द ओळखायला शिकावं. बिअर विचारू नका. २००५च्या नियमाने शहरात दारूविक्रीवर बंदी आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागणार नाही. इथे भाजीच्या पदार्थातही तरासी असतं. तरासी म्हणजे रबोन या बारीक कोळंबीला आंबवून केलेली वडी. आपल्याकडे ज्याला जवळा म्हणतात त्याच जातीची कोळंबी. गादो-गादो या उकडलेल्या भाज्यांवरच्या शेंगदाण्याच्या चटणीत, कारेडोक या कच्च्या भाज्यांच्या पदार्थात, मिरचीच्या सांबालमध्ये ते असू शकतं. लाक्साच्या रश्श्यातही सुक्या कोळंबीची शक्यता धरून चाला. म्हणून हे वाक्य पाठ करा: ‘तिदाक पाके दागिंग, आयाम, इकान, उदांग, तरासी.’ मांस, कोंबडी, मासा, कोळंबी, तरासी नको.

सर्वांत सोपं म्हणजे टोफू आणि तेंपे. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. गरम तळून, हिरव्या मिरचीबरोबर. केतोप्राक विचारून घ्या: तांदळाची उकडलेली वडी, टोफू, मोड, शेंगदाण्याची चटणी. फक्त वरचे कोळंबीचे कुरकुरीत पापड काढायला सांगा. बौद्ध लोक चालवतात अशी शाकाहारी भोजनालयंही असतात. तिथे अनेकदा कांदा-लसूणही घालत नाहीत, तेव्हा जैन मित्रांना तिथेच न्या. फळं तर आहेतच: रांबुतान, सालाक, हंगामात दुरियान.

केचाप बेंतेंगची एवढी चर्चा का?

कारण ते उत्तम आहे. केचाप म्हणजे टोमॅटोचं सॉस नव्हे. हे काळं, दाट, गोड सोयासॉस. इंडोनेशियाचं जवळजवळ सगळं जेवण त्यावर उभं आहे. तांगेरांगचे जुने कारखाने चिना बेंतेंग कुटुंबांचे. तेंग ग्योक सेंग १८८२चा, स्योंग हिन १९२०चा. त्या दुसऱ्याचं केचाप एसएच या नावाने मिळतं.

करण्याची जुनी रीत अशी. काळं सोयाबीन उकडून बांबूच्या सुपांवर पसरतात आणि काही दिवस सावलीत ठेवतात. दाण्यांवर बुरशीचा थर धरतो. वाळवून ते दाणे मिठाच्या पाण्यात, मोठाल्या मडक्यांत, उन्हात मुरत ठेवायचे, आठवडेच्या आठवडे. पाऊस आला की झाकायचं, ऊन पडलं की उघडायचं. मग ते पाणी गाळून ताडगूळ घालून मोठ्या कढईत आटवायचं, ढवळत, तासन्‌तास. घाई केली की करपट कडू होतं. मोठ्या कंपन्यांचं केचाप जास्त गोड असतं आणि एकसारखं लागतं. इथल्या केचापमध्ये खारटपणा आणि आंबवलेल्या डाळीचा वास आधी येतो, गोडी मागून. गरम भात, तळलेलं अंडं आणि वर हे केचाप, एवढंच करून पाहा.

सण बघायचा असेल तर कधी जावं?

चिनी नववर्ष साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, आणि पंधराव्या दिवशी चाप गो मे. पण या नदीचा स्वतःचा सण म्हणजे पे चुन, पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी, बहुतेक जूनमध्ये. चिसादानेवर होड्यांच्या शर्यती होतात, पानांत गुंडाळलेला चिकट भाताचा बाकचांग घरोघरी होतो, आणि दुपारी बाराच्या सुमारास लोक जमिनीवर अंडी उभी करून दाखवतात. लहान मुलांना यात भारी गंमत वाटते. बंदीच्या वर्षांत हा सण नदीवरून हटला होता. म्हणून आता वल्ह्यांबरोबर ढोल वाजतो तेव्हा काठावरच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरेही बघा.

नदीकाठी फिरता येतं का?

येतं. काठ बांधून काढला आहे, संध्याकाळी बरं वाटतं. पाण्यात मात्र उतरू नका. चिसादाने बोगोरच्या डोंगरातून येते आणि वाटेतल्या शहरांचा, कारखान्यांचा मैला घेऊन येते. बोगोरला मोठा पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. थोडं उत्तरेला डच काळातलं दहा दरवाजांचं धरण आहे, लोक त्याला पिंतू आयर सपुलुह म्हणतात. उत्तरेकडच्या भातशेतीला पाणी देण्यासाठी बांधलेलं. ज्यांना अशा बांधकामांची आवड आहे त्यांनी जरूर बघावं, इतरांनी सोडलं तरी चालेल.

घासाघीस करावी का? दुकानदार सांगतात ते आकडे कळत नाहीत.

भाजी-फळांत थोडी चालते, शिजवलेल्या खाण्यात नाही. आकड्यांचं कारण असं की बाजारात पैसे होक्किएन चिनीत मोजतात, मुसलमान दुकानदारसुद्धा. गोचेंग म्हणजे पाच हजार, चेबान दहा हजार, नोबान वीस हजार, गोबान पन्नास हजार. एवढे चार पुरेत. रोख सुटे ठेवा. बाईंना ‘बू’, पुरुषाला ‘पाक’ म्हणा. चिनी वंशाच्या दुकानदारणीला ‘चि’ म्हटलंत तर हसून उत्तर येईल.

फोटो काढलेले चालतात का?

बाजाराचे चालतात. माणसाचा काढायचा असेल तर ‘बोलेह फोतो?’ विचारा. देवळात नमस्कार करणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे पर्यटक मी पाहिले आहेत आणि त्यात आपलेही लोक होते. असं करू नये.

जवळपास हिंदू देऊळ आहे का?

आईवडिलांसोबत येणारे हमखास विचारतात. तांगेरांग शहरात बालीच्या हिंदूंचं पुरा केर्ता जया हे देऊळ आहे. तिथली पूजापद्धत बालीची आहे. दक्षिण भारतीय धाटणीचं हवं असेल तर याच लोकलमार्गावरच्या, जकार्ताच्या कालिदेरेस भागात मुरुगनचं मोठं मंदिर आहे. त्याचा कुंभाभिषेक फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. कालिदेरेस स्टेशनला उतरून टॅक्सी करा.

वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना झेपेल का?

सकाळी झेपेल. बाबागाडी नको, गल्ल्यांत चाक फिरत नाही. चपला घसरणाऱ्या नकोत. अकरानंतर उकाडा असह्य होतो, आणि नोव्हेंबर ते मार्च दुपारचा पाऊस धरूनच चालायचं. स्वच्छतागृह स्टेशनवर किंवा संग्रहालयात वापरून घ्या. मांसाचे पाट बघून ज्यांना मळमळतं त्यांनी बाजाराची गल्ली टाळून किसामाउनच्या बाजूने देवळाकडे यावं.

घरी न्यायला काय घ्यावं?

केचाप. काचेची बाटली घेतलीत तर कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, चेक-इनच्या सामानात ठेवा. हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला काढून घेतील. एंपिंग हे मलिंजो बियांचे पापड घ्या. थोडे कडवट असतात पण चहाबरोबर छान लागतात, आणि कच्चे घेतले तर घरी तळता येतात. क्वे करांजांग घट्ट असेल तर टिकतो. कापून, अंड्यात किंवा नुसत्या पिठात बुडवून तळायचा. बाकचांग मात्र तिथेच खाऊन टाका, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं आणि प्रवासात तो खराब होतो.